सरोवराकाठचे घर

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहर मागे टाकून हडसन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सुमारे 130 किलोमीटर गेले म्हणजे न्यू पाल्ट्झ नावाचे एक जुने गाव लागते. गावाच्या पश्चिमेस शवांगंक नावाची लांबच लांब डोंगराची धार उभी आहे. लिहिताना हे नाव असे लिहितात खरे; पण तेथील जुने लोक ‘शॉनगम’ एवढेच म्हणतात. या धारेवर चढून गेले की पांढऱ्या कड्यांच्या कुशीत अकस्मात एक लहानसे सरोवर दृष्टीस पडते. त्याचे नाव मोहाँक. लांबी जेमतेम अर्धा मैल, खोली सुमारे 60 फूट. एवढ्याशा पाण्याच्या काठावर मात्र एक प्रचंड घर उभे आहे. त्याचा एक भाग लाकडी, तर त्याला लागूनचा भाग दगडी; कोठे निमुळते मनोरे, कोठे लाल कौलांची छपरे, कोठे पाण्यावर झुकलेले सज्जे. हे घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे तर सुमारे 200 मीटर चालावे लागते. त्यात अडीचशेंहून अधिक खोल्या आहेत, आणि शंभराहून अधिक खोल्यांत लाकडे जाळण्याची शेकोटी आहे.

हे विश्रामगृह आहे. शहरातील माणसे चार दिवस निवांत राहावे म्हणून येथे येतात. अशी विश्रामगृहे जगात पुष्कळ आहेत. परंतु हे विश्रामगृह 1869 पासून आजतागायत एकाच कुटुंबाच्या हाती आहे. त्या कुटुंबाचे नाव स्मायली. एवढी वर्षे एका घराण्याने एक घर, एक सरोवर आणि त्याभोवतीचा डोंगर कसा राखला, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात जशी शहाणपणाची गोष्ट आहे तशी एक चूकही आहे, आणि ती लपवून ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

प्रथम डोंगराविषयी थोडे सांगितले पाहिजे. हा डोंगर पांढऱ्या गारगोटीच्या खडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेले गारगोटीचे खडे व वाळू एकमेकांत दाबली जाऊन असा कठीण दगड झाला, की त्यावर लोखंडाची पहार मारली तरी ठिणगी उडावी. हा दगड इतका टणक, की जुन्या काळी तेथील लोक त्यातून जात्याचे दगड घडवीत आणि ते दूरदूर विकले जात. पुढे हिमयुगात बर्फाच्या अवजड थरांनी हा डोंगर घासला व कोरला, आणि माथ्यावर खोलगट जागा करून ठेवल्या. त्यांत पाणी साचून या धारेवर पाच सरोवरे झाली. मोहाँक हे त्यांपैकीच एक. अशा खडकावर मातीचा थर पातळ असतो. शेती करणाऱ्याला येथे सुख नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हा प्रदेश मुळात इसोपस नावाच्या मूळ रहिवाशांचा. त्यांच्याकडून 1677 मध्ये फ्रान्समधून धर्मच्छळामुळे बाहेर पडलेल्या ह्युगनॉट लोकांनी बरीच जमीन विकत घेतली आणि न्यू पाल्ट्झ गाव वसवले. खालच्या सुपीक भूमीवर त्यांची शेते उभी राहिली. डोंगरावर मात्र लाकूडतोडे, जाते घडवणारे पाथरवट आणि खडकाळ तुकड्यावर कशीबशी गुजराण करणारे शेतकरी एवढेच राहत. सरोवराच्या काठी जॉन स्टोक्स नावाच्या गृहस्थाचे दहा खोल्यांचे एक मद्यगृह होते. त्याच्याविषयी असे सांगतात की, एखादे गिऱ्हाईक फार झिंगून दंगा करू लागले, तर स्टोक्स त्याला झाडाला साखळीने बांधून ठेवी आणि शुद्धीवर आल्यावरच सोडी. अशा ठिकाणी एक दिवस मद्याला कधी न शिवणारे लोक मालक म्हणून आले, हा योगायोग मोठा गमतीचा.

आल्फ्रेड आणि अल्बर्ट स्मायली हे जुळे भाऊ. 1828 मध्ये मेन राज्यातील व्हॅसलबरो येथे त्यांचा जन्म झाला. दोघेही दिसायला अगदी एकसारखे. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथाचे लोक स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. साधी राहणी, सत्य भाषण, युद्धाला विरोध आणि शांत बसून केलेली प्रार्थना ही त्यांची लक्षणे. दोघे भाऊ पेनसिल्व्हेनियातील हॅवरफोर्ड महाविद्यालयात एकदमच शिकले, 1849 मध्ये एकदमच पदवीधर झाले आणि दोघांनीही शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे अल्बर्ट ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे क्वेकरांच्या निवासी शाळेचा मुख्याध्यापक झाला. आल्फ्रेडने हडसनच्या खोऱ्यात शेत घेतले.

1869 च्या उन्हाळ्यात आल्फ्रेड आपल्या कुटुंबासह मोहाँकला सहलीस आला. पाणी, कडे आणि झाडी पाहून तो हरखून गेला. जागा विकाऊ आहे असे कळताच त्याने भावाला पत्र धाडले. अल्बर्ट आला, त्याने डोंगरमाथ्यावरून चहूकडे पाहिले आणि सरोवरासह सुमारे 280 एकर जमीन 28,000 डॉलरांना विकत घेतली.

त्या काळी 28,000 डॉलर म्हणजे लहान रक्कम नव्हे, आणि मुख्याध्यापकाच्या तिजोरीत काय असते हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. अल्बर्टला कर्ज काढावे लागले. ते फेडावे कसे? दोघा भावांनी काम वाटून घेतले. स्टोक्सची इमारत दुरुस्त करून, वाढवून 1870 च्या उन्हाळ्यात चाळीस पाहुण्यांची सोय होईल असे विश्रामगृह उघडले. ते चालवायचे आल्फ्रेडने. आणि अल्बर्टने प्रॉव्हिडन्सच्या शाळेतच राहून पगार मिळवायचा. उन्हाळ्याच्या सुटीत तो डोंगरावर येई, सुटी संपली की पुन्हा वर्गात जाई. असे त्याने 1879 पर्यंत केले. आज जे भव्य घर दिसते त्याच्या पायाखाली गारगोटीचा खडक आहे तशी एका शिक्षकाची दहा वर्षांची नोकरीही आहे.

विश्रामगृह उघडले खरे, पण त्याचे नियम ऐकून जाणत्या लोकांनी ते बुडणार असेच म्हटले असेल. मद्य मिळायचे नाही. पत्ते खेळायचे नाहीत. नाच करायचा नाही. रविवारी कोणी नव्याने येऊ नये आणि कोणी निघूही नये. रोज सकाळी न्याहारीनंतर प्रार्थना. करमणूक काय? तर डोंगरात फिरणे, नाव वल्हवणे, वाचन, व्याख्याने आणि एकमेकांशी बोलणे. वस्तुतः याच नियमांनी घर तरले. गोंगाटाला कंटाळलेली, मुलाबाळांची माणसे अशीच जागा शोधत होती. एकदा आलेले कुटुंब दुसऱ्या वर्षी पुन्हा येई. वर्षानुवर्षे तीच खोली मागणारे पाहुणे झाले, त्यांची मुले झाली, नातवंडे झाली. पुढे काळानुसार हे नियम सैल झाले. मोटारींनाही जवळजवळ 1930 पर्यंत डोंगरावर मज्जाव होता, तोही उठला. पण आरंभीची पन्नास-साठ वर्षे ही शिस्त पाळली गेली.

अल्बर्टला दोन गोष्टींचे वेड होते: वाटा आणि जमीन. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी या कठीण खडकातून घोडागाडीच्या वाटा काढल्या. त्या वाटांचा चढ इतका सौम्य, की घोड्याला दम लागू नये आणि गाडीतील म्हाताऱ्या पाहुण्याला भीती वाटू नये. कड्याच्या ऐन टोकावर, पाण्यावर पुढे आलेल्या खडकावर, वळणावळणावर त्यांनी लाकडी छत्र्या बांधल्या. चार ओबडधोबड खांब, वर गवताचे किंवा फळ्यांचे छप्पर आणि आत एक बाक, एवढेच त्यांचे रूप. साल न काढलेल्या लाकडांच्या या छत्र्या आजही शंभराहून अधिक आहेत. लाकूड कुजते, म्हणून त्या पुनःपुन्हा नव्याने बांधाव्या लागतात. जागा तीच, घाट तोच, लाकूड नवे.

जमिनीचे वेड याहून मोठे होते. खालच्या खडकाळ शेतांवर गुजारा न होणारे शेतकरी शेत विकावयास निघाले की अल्बर्ट घेई. मघाशी मी पातळ मातीची गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली ती याचसाठी. ज्या जमिनीवर नांगर धड चालत नव्हता ती जमीन त्याने रानासाठी घेतली. एकेक तुकडा जोडत जोडत पुढच्या पिढीपर्यंत हा पसारा हजारो एकरांचा झाला. पाहुण्याने सज्जात उभे राहून पाहिले तर डोळा पोचेल तेथवर धुराडे दिसू नये, जाहिरातीची पाटी दिसू नये, ही त्याची इच्छा.

कामाचा व्याप वाढला तेव्हा अल्बर्टने आपल्या सावत्र भावाला बोलावून घेतले. डॅनियल स्मायली वयाने 27 वर्षांनी लहान. म्हणजे नात्याने भाऊ, पण वयाने मुलासारखा. तो 1881 मध्ये मोहाँकला आला आणि पुढील जवळजवळ पन्नास वर्षे तेथेच राबला. घराचे एकेक अंग 1879 ते 1910 या काळात उभे राहिले. एका वेळी एक भाग पाडायचा, नवा बांधायचा, आणि शेजारच्या भागात पाहुण्यांची सोय चालू ठेवायची, अशी रीत असल्यामुळे सबंध घर एका नकाशाचे नाही. त्याचे बेढबपण डोळ्यांना प्रथम खटकते. मग हळूहळू तेच आवडू लागते.

दोघे जुळे भाऊ अखेरपर्यंत एके ठिकाणी राहिले का? नाही. याच धारेवर काही मैलांवर दुसरे सरोवर आहे, मिनेवास्का. आल्फ्रेडने ते घेतले आणि 1879 मध्ये तेथे ‘क्लिफ हाउस’ नावाचे, 1887 मध्ये ‘वाइल्डमीअर’ नावाचे अशी स्वतःची दोन विश्रामगृहे उघडली. नियम तेच, शिस्त तीच, डोंगरही तोच. एका आईची दोन जुळी मुले, दोन सरोवरे, दोन घरे. त्यांपैकी एक टिकले आणि एक टिकले नाही. त्याकडे मी पुढे येतोच.

तत्पूर्वी ती चूक सांगतो. 1879 मध्ये अल्बर्टची नेमणूक अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसंबंधी सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळावर झाली. त्या लोकांचे हाल पाहून त्याला कळवळा आला यात संशय नाही. 1883 पासून दर वर्षी तो आपल्या घरी एक परिषद भरवू लागला. तिचे नावच ‘इंडियनांचे मित्र’ असे होते. अमेरिकेत तेथील मूळ रहिवाशांना तेव्हा ‘इंडियन’ म्हणत. धर्मोपदेशक, खासदार, संपादक, शिक्षक असे नामांकित लोक सरोवराकाठी जमत आणि विचारविनिमय करीत. या विचारविनिमयातून जी मते पक्की झाली त्यांपैकी एक असे, की मूळ रहिवाशांच्या जमाती सामाईक जमीन बाळगतात हेच त्यांच्या मागासलेपणाचे कारण. ती जमीन फोडून कुटुंबागणिक वाटून द्यावी, म्हणजे ते इतर नागरिकांसारखे होतील. डॉज नावाचे सिनेटर या परिषदेला येत असत. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा 1887 मध्ये झाला. कुटुंबप्रमुखाला 160 एकर द्यावयाचे आणि वाटून उरलेली जमीन इतरांना विकावयाची, असे त्यात ठरले.

परिणाम काय झाला? 1887 मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे 13 कोटी 80 लाख एकर जमीन होती. 1934 मध्ये ही वाटणी थांबवली गेली तेव्हा सुमारे 4 कोटी 80 लाख एकर उरली होती. मधली सगळी हातची गेली. याच परिषदेने मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवून त्यांची भाषा व चालीरीती विसरायला लावणाऱ्या शिक्षणाचाही पुरस्कार केला. 1890 व 1891 मध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर येथेच परिषदा भरल्या. त्यांना एकाही कृष्णवर्णीय माणसाला निमंत्रण नव्हते. मूळ रहिवासीही त्यांच्याविषयीच्या परिषदेत क्वचितच दिसत.

आता ज्या अल्बर्टने स्वतःची जमीन तुकड्याला तुकडा जोडून अखंड केली, त्याच्याच दिवाणखान्यात दुसऱ्यांची अखंड जमीन तुकडे करण्याचा सल्ला दिला गेला. जमिनीची वाटणी होत होत घराचे काय होते हे आपल्याकडील खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असते. अल्बर्टला ते स्वतःपुरते उमगले होते. परक्यांच्या बाबतीत उमगले नाही. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याविषयी ठरवायचे त्यांनाच विचारावे, हे मात्र त्याला सुचले नाही.

दुसरी परिषद मात्र त्या घराला शोभणारी होती. राष्ट्राराष्ट्रांतील भांडणे रणांगणावर न नेता पंचांपुढे न्यावीत, या विचारासाठी अल्बर्टने 1895 पासून दर वर्षी आंतरराष्ट्रीय लवादाची परिषद भरवली. न्यायाधीश, मुत्सद्दी आणि विद्वान तेथे येत. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासासाठी 1906 मध्ये अमेरिकेत जी विद्वत्संस्था निघाली तिची कल्पना 1905 च्या मोहाँक परिषदेत पुढे आली होती. अल्बर्ट 1912 मध्ये वारला. दोन वर्षांत युरोपात महायुद्ध पेटले, आणि 1916 नंतर मोहाँकच्या परिषदाही बंद पडल्या.

सरोवराच्या माथ्यावरील उंच कड्यावर अल्बर्टच्या स्मरणार्थ दगडी मनोरा बांधला. तो 1923 मध्ये पुरा झाला. त्या जागी पूर्वी लाकडी मनोरे होते, ते टिकले नव्हते. नव्या मनोऱ्यासाठी दगड तेथल्या तेथेच खोदून काढला, आणि त्यामुळे जो मोठा खड्डा पडला त्यात पाणी साठवले. हे पाणी शोभेसाठी नाही. घराला आग लागली तर ते वरून खाली आणता यावे म्हणून आहे.

या आगीचे महत्त्व पटावे म्हणून शेजारच्या कॅट्सकिल डोंगराकडे पाहिले पाहिजे. तेथे त्या काळी डोंगरमाथ्यावर मोठमोठी लाकडी विश्रामगृहे होती. त्यांपैकी ‘हॉटेल काटरस्किल’ 1881 मध्ये उघडले आणि 1924 मध्ये जळून गेले. सर्वांत नावाजलेले ‘कॅट्सकिल माउंटन हाउस’ 1824 मधले. चित्रकारांनी त्याची चित्रे काढली होती. लोक मोटारीने दूरदूर जाऊ लागले तसे तिकडे येणारे कमी झाले. घर ओस पडले, छपरे कोसळली, आणि अखेर जानेवारी 1963 मध्ये राज्यसरकारनेच ते मोडके घर पेटवून देऊन जागा रानाला मोकळी करून दिली.

मिनेवास्काचेही असेच झाले. आल्फ्रेड 1903 मध्ये वारला. त्याच्या वंशजांना तो व्याप पेलवेना. 1955 मध्ये त्यांनी सरोवर व घरे विकली. नव्या मालकालाही खर्च झेपेना. ‘क्लिफ हाउस’ 1978 मध्ये आगीत गेले, ‘वाइल्डमीअर’ 1986 मध्ये. दरम्यान तेथे शेकडो खोल्यांचे नवे हॉटेल उठवण्याचा बेत झाला होता. आसपासच्या नागरिकांनी तो वर्षानुवर्षे लढून हाणून पाडला आणि 1987 मध्ये सरोवर राज्यसरकारने घेतले. आज ते सार्वजनिक उद्यान आहे. पाणी तेच निळे आहे. काठी मात्र एकही स्मायली नाही आणि एकही खोली नाही.

मोहाँकवरही हीच पाळी आली होती. 1950 नंतर पाहुणे पूर्वीइतके येत नव्हते, घर जुने झाले होते आणि सात हजारांहून अधिक एकर जमिनीवरचा कर दर वर्षी वाढत होता. ज्या जमिनीसाठी पूर्वजांनी पैसा ओतला तीच आता घराला बुडवू लागली. अशा वेळी दोनच वाटा असतात असे सामान्यतः वाटते: कर्ज काढून रेटत राहावे, अथवा तुकडे पाडून विकावेत. शहरातील धनिक त्या तुकड्यांवर बंगले बांधायला एका पायावर तयार झाले असते.

या वेळी घराचा कारभार डॅनियलच्या नातवांकडे होता. त्यांपैकी धाकटा डॅनियल आणि त्याचा भाऊ कीथ हे दोघे प्रमुख. त्यांनी तिसरी वाट काढली. 1963 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी शेजारचे माउंटन हाउस पेटवले गेले त्याच वर्षी, त्यांनी ‘मोहाँक ट्रस्ट’ नावाचा सार्वजनिक न्यास स्थापन केला. सरोवर, घर आणि त्यालगतची जमीन कुटुंबाने ठेवली. उरलेले रान टप्प्याटप्प्याने या न्यासाकडे सोपवले. न्यासाने लोकांच्या देणग्यांतून ते ताब्यात घेतले आणि कायमचे रान म्हणून राखण्याचे पत्करले. कुटुंबाचा कराचा भार हलका झाला, पण मोठ्या भागावरचे स्वामित्व गेले. 1978 पासून या न्यासाला ‘मोहाँक प्रिझर्व्ह’ म्हणतात आणि आज त्याच्याकडे सुमारे आठ हजार एकर रान आहे. म्हणजे कुटुंबाच्या हाती होती त्यापेक्षा जमीन वाढलीच, फक्त ती आता कोणा एकाची नाही.

या रानाला एक नवे गिऱ्हाईकही आयते लाभले. 1935 मध्ये फ्रिट्झ व्हिसनर नावाचा एक निष्णात गिर्यारोहक हडसनच्या पलीकडच्या तीरावर चढाई करीत होता. वादळी पाऊस येऊन गेला, हवा निवळली, आणि त्याला दूरवर पश्चिमेला पांढरे कडे चमकताना दिसले. पुढच्याच खेपेला तो दोर घेऊन येथे आला. तेव्हापासून हे कडे दोराने चढणाऱ्यांचे मोठे तीर्थ झाले आहे. शेतकऱ्याला नकोशी वाटलेली कठीण गारगोटी या लोकांना फार आवडते, कारण बोटे रोवली तरी ती सुटत नाही. आज चढणारे आणि फिरणारे जे प्रवेशशुल्क देतात त्यावर रानाची राखण बरीचशी चालते. 1986 मध्ये त्या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून मान्यता मिळाली.

धाकट्या डॅनियलविषयी थोडे सांगितल्यावाचून मला हा पाठ संपवता येणार नाही. घराण्याचा हिशेब सांभाळण्यापेक्षा डोंगराचा हिशेब ठेवण्यात त्याला अधिक गोडी होती. कोणत्या तारखेला कोणते फूल उमलले, कोणता पक्षी परत आला, पावसाच्या पाण्यात आम्लता किती, हे सारे तो लहान लहान कार्डांवर टिपून ठेवी. अशी हजारो कार्डे त्याने 1989 मध्ये वारेपर्यंत भरली. हवेतील गंधकाच्या धुरामुळे पाऊस आंबट होतो, ही गोष्ट लोकांच्या बोलण्यात येऊ लागली, त्या वेळी त्याच्याजवळ आकडे तयार होते.

ही सवय त्याने नव्याने लावली नव्हती. सरोवराजवळ उघड्यावर झडपांची एक लाकडी पेटी आहे, तिच्यात तापमापक आहे, जवळच पर्जन्यमापक आहे. अमेरिकेच्या हवामानखात्यासाठी येथील नोंदी 1 जानेवारी 1896 पासून ठेवल्या जात आहेत. रोज एक माणूस पेटीपाशी जातो, सर्वांत अधिक व सर्वांत कमी तापमान पाहतो, पावसाचे किंवा बर्फाचे माप घेतो आणि लिहून ठेवतो. पेटीची जागा बदललेली नाही, आणि भोवती शहर वाढलेले नाही. शास्त्रज्ञांना याचेच महत्त्व वाटते. बहुतेक जुन्या वेधशाळांभोवती डांबरी रस्ते आणि इमारती उठल्या. तेथे पारा चढला तर तो हवेमुळे चढला की इमारतींमुळे, हे सांगणे कठीण. मोहाँकला तो संशय नाही, कारण भोवतीचे रान अल्बर्टने जोडले आणि त्याच्या भावाच्या नातवांनी सोडून देऊन राखले.

2008 मध्ये या नोंदींची बेरीज मांडली गेली तेव्हा असे दिसले, की 112 वर्षांत येथील सरासरी वार्षिक तापमान 2.7 अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढले आहे. तोपर्यंतच्या सगळ्या नोंदी अवघ्या पाच माणसांच्या हातून झाल्या होत्या. थंडीत त्या पेटीपर्यंत गुडघाभर बर्फ असते. पाहुणे शेकोटीपाशी बसलेले असतात, आणि कोणीतरी कोट चढवून, वही घेऊन बाहेर पडतो.